प्रकल्प नोंदी: आडवाटा आणि दुर्मीळ जीव

३१ मे २०२५

आमच्या व्हिडिओ गेमची मेन क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथानकाची मोहीम, आता पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग खेळता येते. तळ्याकाठचं गाव, बाजारपेठ, घाट, घाटापलीकडचा किल्ला. भाच्याने एका बैठकीत ती संपवली आणि विचारलं, "मामा, एवढंच?"

प्रश्न रास्त आहे. आत्तापर्यंत आम्ही रस्ता बांधलाय, मुलूख नाही. म्हणून या पावसाळ्याचं काम ठरलं: कथानकाचं ज्यांच्यावाचून अडत नाही असे भाग, आणि त्या भागांतच सापडतील असे दुर्मीळ जीव. चित्रं ताईची (माझी मावसबहीण, शाळेत चित्रकला शिकवते), कोड माझा, इंजिन (ज्यावर खेळ बांधतात ते सॉफ्टवेअर) गोडो ४.

जागा तीन. येऊरच्या धर्तीवर डोंगर, ठाण्याच्या खाडीच्या धर्तीवर खाडी आणि एक बंद पडलेली दगडखाण. खेळात ठाण्याचं नाव कुठेही येणार नाही, पण तलावपाळीवर लहानपण गेलेल्याला ओळखू येईलच.

खाणीत काहीच ठेवायचं नाही, असं ताईचं म्हणणं. साचलेलं हिरवं पाणी, वर घिरट्या घालणाऱ्या घारी, बस. जायचं, बघायचं, परत यायचं. मला पटलं. खाणीचा विषय संपला.

७ जून

दुर्मीळ म्हणजे किती दुर्मीळ, यावरून आज बरीच वादावादी.

सोपा मार्ग म्हणजे शंभर भेटींत एकदा. ऐकायला बरं वाटतं. वाटतं की शंभर वेळा गवतात फिरलं की मिळेलच. हिशोब मात्र वेगळा निघतो. दर वेळी १ टक्का शक्यता धरली तर शंभर भेटींनंतरही शंभरातले ३७ जण रिकाम्या हाताने बसलेले असतात. तीनशे भेटींनंतरही पाच जण उरतातच. त्या पाचांना आपण काय सांगणार? तुमचं नशीब?

पोकेमॉनच्या जुन्या खेळांत चमकत्या रंगाचा जीव भेटायची शक्यता ८१९२ मध्ये एक होती, २०१३ पासून ती ४०९६ मध्ये एक झाली. तिथे ते खपून जातं, कारण फरक फक्त रंगाचा. तो मिळाला नाही म्हणून कुणाची यादी अपुरी राहत नाही. आमच्याकडे जीव मोजके. त्यातला एक जरी असा फाशांवर टांगला तर तो मिळणार कुणाला? ज्याच्याकडे रिकामा वेळ जास्त त्याला. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याला मिळेल आणि लोकलमध्ये दांडीला लटकून खेळणाऱ्याला कधीच नाही.

तेव्हा नियम ठरला. दुर्मीळ जीवाला जागा असेल आणि वेळ असेल, टक्केवारी नसेल. बरोबर जागी, बरोबर वेळी जो पोचला त्याला तो दिसलाच पाहिजे. अवघड असायला हवं ते ती जागा आणि वेळ ओळखणं.

ताई म्हणाली, "मग लोक नेटवर बघून सरळ तिथेच जातील." जाऊ देत. ज्याला बघायचंय तो टक्केवारीही बघतोच.

१५ जून

आधी कुणी हे केलंय का, ते धुंडाळण्यात रविवार गेला.

सगळ्यांत जवळचं उदाहरण म्हणजे पोकेमॉन रुबी-सफायरमधला फीबास हा मासा. ११९ क्रमांकाच्या वाटेवरच्या नदीत गळ टाकता येतील असे चौकोन चारशेच्या वर, आणि फीबास लागतो फक्त सहा चौकोनांत. त्या सहांपैकी एकावर उभं राहिलात तर निम्म्या वेळा तोच लागतो. इतरत्र जन्मभर टाकलात तरी नाही. हे सहा चौकोन ठरतात कशावरून? ड्यूफर्ड गावातल्या पोरांच्या तोंडी सध्या जे शब्द फिरतायत त्यांच्यावरून. ते शब्द बदलले की चौकोनही बदलले. कल्पना म्हणून एक नंबर. पण शब्दांचा आणि माशांचा संबंध जोडावा असा धागा खेळणाऱ्याच्या हाती लागत नाही. नियम आहे, पण तो यंत्राच्या पोटात. खेळणाऱ्यासाठी तो फाशांइतकाच आंधळा.

आडवाटेचं चांगलं उदाहरण पोकेमॉन फायररेड या खेळातला पॉवर प्लांट. पाण्यावरून जाण्याची सोय झाली की एका वाटेच्या कडेने तिथे शिरता येतं. कथानकात कुणीही तिकडे पाठवत नाही. आत शेवटी झॅपडॉस हा दुर्मीळ जीव बसलेला. किंवा सेरुलियनची गुहा: गाव खेळात लवकर येतं, गुहेचं तोंड पाण्यापलीकडे असतं, दारात एक माणूस उभा, आणि आत सोडतात ते लीग, म्हणजे खेळातली शेवटची स्पर्धा, जिंकल्यानंतरच. जागा आधी कळते, प्रवेश नंतर मिळतो. खाडीसाठी हेच उचलायचं: पहिल्या गावाच्या बंदरावरून खाडीपलीकडचं बेट दिसत राहील. पाणी मात्र मध्ये.

आणि काय करू नये याचंही उदाहरण त्याच फायररेडमध्ये आहे. खेळाच्या उत्तरार्धात रायकू किंवा एंटेई हा दुर्मीळ जीव नकाशाभर फिरत असतो. तो समोर आला आणि त्याने रोअर हा डाव टाकला की लढत तिथेच संपते, आणि कोडमधल्या दोषामुळे तो त्या सेव्हमधून (जतन केलेल्या खेळातून) कायमचा नाहीसा होतो. परत भेट नाही. आमच्याकडे पळून गेलेला प्रत्येक जीव त्याच्या पुढच्या वेळेला हजर, ही अट मी ताबडतोब चाचण्यांत टाकली.

२१ जून

खाडीचा नियम सापडला, आणि तो पुस्तकात नव्हता.

रोज सकाळी ठाण्याहून ऐरोलीला जाताना ट्रान्सहार्बरची लोकल खाडी ओलांडते. गाडी तीच, वेळ तीच. पण खाली कधी तिवरांच्या बुंध्यांपर्यंत पाणी, तर कधी नुसता चकाकणारा गाळ आणि त्यात रुतून बसलेली एखादी होडी. खाडीतला जीव भरती-ओहोटीवर बांधायचा हे मनात होतंच. पण खेळणाऱ्याला वेळापत्रक द्यायचं कसं? पडद्याच्या कोपऱ्यात भरतीचा काटा दाखवला की सगळी गंमत गेली.

शेजारचे काका चेंदणी कोळीवाड्यातले. त्यांना सहज विचारलं की तुम्ही लहानपणी भरतीची वेळ कशी काढायचात.

"त्यात काढायचं काय? आज तिथी कुठली?"

"एकादशी असेल."

"मग अकरा पाऊण सव्वाआठ. सव्वाआठच्या सुमाराला भरती. सकाळीही आणि रात्रीही. तुम्हाला पाऊणकी शिकवली नाही शाळेत?"

नाही शिकवली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा. द्वादशीला बारा पाऊण नऊ. भरतीनंतर सहा तासांच्या थोडं पुढे ओहोटीचा तळ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही.

आता हे जोडून बघा. उधाणाच्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे सर्वांत खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. एरवी कधीच उघडा न पडणारा गाळ महिन्यातून दोनदाच आणि तोही नेमका दिवस उगवताना किंवा मावळताना उघडा पडतो. असं दृश्य ताई मुद्दाम रचायला बसली असती तर मी म्हणालो असतो, फार नाटकी होतंय. इथे ते गणितातूनच निघतंय.

जीवाचं नाव तिथल्या तिथे ठरलं: उधाण्या.

२९ जून

भरतीचं कोड लिहून झालं. एक बारकावा नोंदवून ठेवतो, पुढे कुणी हात लावला तर घोळ नको.

तीस तिथ्यांत भरतीची वेळ घड्याळाची एक पूर्ण फेरी, म्हणजे २४ तास, पुढे सरकते. भागाकार केला की दर तिथीला ४८ मिनिटं. म्हणजे बरोबर दोन घटका. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तोंडी हिशोबाला सोपं पडावं म्हणून तीन मिनिटं सोडून दिलेली. पंधराव्या तिथीला हा फरक ४५ मिनिटांचा होतो: पाऊणकी सव्वाअकरा सांगते, ४८ मिनिटांचा हिशोब बारा. पालिका पावसाळ्यात भरतीच्या वेळा जाहीर करते, त्यांत उधाणाच्या दिवशीची वेळ बाराच्या जवळची दिसते.

खेळाच्या पोटात ४८ ठेवलंय. गावातला म्हातारा मात्र पाऊणकीच सांगणार. त्याच्या हिशोबाने निघालेला माणूस फार तर पाऊण तास लवकर पोचेल, उशिरा कधीच नाही. पाण्याच्या कामात चूक व्हायची तर ती याच बाजूला झालेली बरी.

वेळेचं प्रमाण: खेळातला एक दिवस म्हणजे आपली ४८ मिनिटं. पौर्णिमेची वाट बघत बसायचं तर बारा तास जातील, म्हणून धर्मशाळेत झोपलं की एक तिथी पुढे. धर्मशाळेच्या भिंतीवर कॅलेंडर, त्यावर तिथी. याखेरीज तिथी कुठेही दाखवायची नाही.

ता. क.: देवनागरीचा प्रश्न परत निघाला. गोडो ४ जोडाक्षरं नीट जुळवतो, ते दुखणं गेलं. पण पिक्सेलच्या अक्षरांत शिरोरेषा, खाली उकार, वर अनुस्वार आणि वेलांटी हे सगळं आठ पिक्सेलांत बसतच नाही. सोळा तरी हवेत. म्हणजे संवादाच्या चौकटीत दोन ओळी. म्हातारा कमी बोलेल, चालतंय.

१३ जुलै

पकडण्याचं गणित. पोकेमॉनच्या तिसऱ्या पिढीतलं सूत्र समोर ठेवून काम केलं, कारण ते सोपं आणि तासून घेतलेलं आहे. प्रत्येक जीवाला एक आकडा असतो. सहज सापडणाऱ्यांना २५५ पर्यंत, म्यूटूसारख्या दुर्मीळ जीवाला ३. शक्ती पूर्ण असेल तर त्या आकड्याचा एक तृतीयांशच धरतात, शक्ती संपत आली की जवळजवळ पूर्ण. त्याला पकडायच्या चेंडूच्या दर्जाने गुणायचं, झोपवलं असेल तर आणखी दुप्पट, आणि २५५ ने भागायचं. ताज्यातवान्या म्यूटूवर साधा चेंडू मारला तर २५५ मध्ये एक. मरणाच्या दारात नेऊन, झोपवून, अल्ट्रा बॉल (दुप्पट दर्जाचा चेंडू) टाकला तर १२, म्हणजे पावणेपाच टक्के. सगळं शहाणपण वापरूनही वीसेक चेंडू जाणार.

इथेही तेच फासे. शिवाय आमच्या ताईला दुसरीच गोष्ट खुपते: आधी अर्धमेलं करायचं आणि मग "माझा मित्र हो" म्हणायचं, हे तिला पहिल्यापासून मान्य नाही. भाच्याला मान्य आहे, त्याला मारामारी हवीच.

तोडगा जाळ्यांतून निघाला. पाग फेकायचा असतो, डोल प्रवाहात लावून थांबायचं असतं, फगात खेकड्यासाठी आमिष बांधावं लागतं. हत्यारं एकाहून एक वरचढ नाहीत. कामं वेगळी आहेत. वाहत्या पाण्यात डोल, उथळ उभ्या पाण्यात पाग. बरोबर जाळं, बरोबर पाणी असेल तर पकड नक्की. चुकीचं असेल तर जीव पळतो आणि पुढच्या ओहोटीला परत येतो. मारामारी किल्ल्यासाठी राखून ठेवली.

२६ जुलै

ताईला उधाण्याची हालचाल जमत नव्हती, म्हणून ओहोटी गाठून विटाव्याच्या बाजूला खाडीकाठी जाऊन आलो. पाऊस नुसता भुरभुरत होता.

निवट्या, म्हणजे गाळावर सरकणारे मासे, बघायच्या होत्या. गाळावर पहिल्यांदा काही दिसत नाही. मग एक ठिपका सरकतो आणि लक्षात येतं की सगळा गाळ हलतोय. पुढचे पर कोपरांसारखे टेकवून निवटी स्वतःला पुढे ओढते, शेपटी मागून घसटत येते, गाळावर मधे एक रेघ आणि दोन्हीकडे टेकल्याच्या खुणा राहतात. घाबरली की शेपटीच्या फटक्याने उडी. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे, आणि अधूनमधून ती ते खोबणीत आत ओढून परत बाहेर काढते. ओले ठेवण्यासाठी. ओल्या कातडीतून हवा घेते, म्हणून पाण्याबाहेर निवांत असते. एका निवटीने पाठीवरचा पर पंख्यासारखा उभारला, दुसरी मागे सरली, भांडण मिटलं.

ताईने वही पावसात भिजवून घेतली पण हवं ते मिळालं. डोळे आत ओढण्याच्या दोन फ्रेम, सरकण्याच्या चार, आणि गाळावर उरणारी रेघ. ही रेघ महत्त्वाची. उधाण्या दिसायच्या आधी त्याची रेघ दिसेल, आणि भरती आली की पुसली जाईल. आदल्या ओहोटीला येऊन गेला की नाही, हे त्यावरून कळणार नाही. आत्ता इथे आहे एवढंच कळेल.

रोहित पक्षी या दिवसांत खाडीत नसल्यातच जमा, ते थंडीत येतात. खेळातही त्यांना कार्तिकानंतरच आणायचं.

८ ऑगस्ट

आज नारळी पौर्णिमा, त्यामुळे हा विषय आपसूक निघाला. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. कोळीवाड्यात होड्या खऱ्या अर्थाने निघतात त्या दर्याला नारळ दिल्यावर. मग खेळातला जाळीवाला आषाढात दुकान उघडं कसं ठेवेल?

बंद केलं. ज्येष्ठ संपल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत जाळी मिळणार नाहीत, आणि असलेली जाळी बंदरावर ठेवून घेतली जातील. खाडीत जाता येईल, बघता येईल, वहीत नोंद करता येईल. पकडता येणार नाही.

ऑफिसमधल्या एका खेळणाऱ्या मित्राला दाखवलं तर तो वैतागला. म्हणाला, इतकं शोधून पोचल्यावर हात बांधून ठेवायचे? त्याचं म्हणणं मी अर्धं घेतलं. बंदीच्या काळात ज्याने उधाण्याची जागा वहीत नोंदवली त्याच्या नकाशावर ती खूण कायम राहते. बाकीच्यांना नंतर बेटाभोवतीचा सगळा गाळ तुडवावा लागेल. बघण्यालाही भाव मिळाला.

१७ ऑगस्ट

डोंगर. इथलं काम निम्म्यात अडलंय आणि कारण एकच, कारवी.

साधा जीव आधीच झाला: मिणमिण, काजव्यांच्या थव्याजवळ दिसणारा, पहिल्या पावसाच्या अगोदरच्या रात्री. रानात दिवा पेटवलात तर येणार नाही. हे भाच्यालाही न सांगता कळलं.

पण येऊरच्या उतारांवर कारवी आहे, आणि ती फुलते सात-आठ वर्षांतून एकदा. सगळी एकदम. मग बी टाकून सगळी वाळते. असं झाड समोर असताना त्याच्यावर जीव बांधायचा मोह कुणाला होणार नाही? ताईने कारवट नावाचा जीव काढूनही ठेवलाय, जांभळा, फार देखणा. अडचण अशी की खेळ जेमतेम दोन वर्षांचा. मी सुचवलं, प्रत्येक सेव्ह कारवीच्या वेगवेगळ्या वर्षी सुरू होऊ दे. कुणाला पहिल्याच पावसाळ्यात फुलेल, कुणाला नाही.

"म्हणजे फासेच की," ताई म्हणाली. बरोबर आहे. फक्त एकदाच टाकलेले.

झुडपांच्या उंचीवरून वर्ष ओळखता येईल, कारवी तोडणारी बाई सांगेल, हे सगळं बोलून झालं. पण ओळखून करायचं काय? अजून पाच वर्षं आहेत एवढं कळायला डोंगर चढायचा? धर्मशाळेत पाच वर्षं झोपून काढायची? उत्तर नाही. कारवी उतारावर राहील, फुलणार नाही. कारवट फाइलमध्ये.

२४ ऑगस्ट

बिल्ड (खेळून बघता येईल अशी आवृत्ती) गणपतीच्या आधी द्यायचाच होता, बुधवारनंतर कुणी मोकळं नाही. भाचा, त्याचे वर्गातले दोघे आणि आमच्या सोसायटीतली सातवीतली एक मुलगी, एवढे जण बसवले. मी मागे गप्प.

भाच्याने म्हाताऱ्याचा संवाद बटण दाबत उडवून लावला, पौर्णिमेला भर दुपारी खाडीवर गेला आणि काठोकाठ पाणी बघून म्हणाला, "मामा, बग आहे. बेटावर जाताच येत नाही." त्याच्या मित्रांनी त्याचंच बघून तेच केलं. मुलगी म्हाताऱ्यापाशी थांबली, परत बोलली, मग फोन काढून घरी लावला. "आजी, पाऊणकी म्हणजे काय गं?" पलीकडून बहुधा पाढाच सुरू झाला, कारण बराच वेळ ती नुसती हं हं करत होती. मग कागदावर काहीतरी मांडलं, धर्मशाळेत झोपत झोपत अमावास्या गाठली, आणि सकाळी सव्वापाचला गाळावर हजर. जाळं चुकीचं नेलं होतं, उधाण्या निसटला. ती संध्याकाळपर्यंत तिथेच थांबली.

यावरून मी म्हणालो, म्हाताऱ्याचं वाक्य वहीत आपोआप उतरू दे, उडवणाऱ्यांनाही मिळेल. ताईचा साफ नकार. शेवटी असं ठरलं: वहीत उतरणार नाही, पण म्हातारा रोज बंदरावरच बसेल आणि कितीही वेळा विचारलं तरी त्या दिवसाच्या तिथीचा हिशोब सांगेल. पाढा सांगणार नाही, फक्त उत्तर. तीन-चार दिवसांची उत्तरं ओळीने ऐकली तर पाढा लागतोच. त्यासाठी म्हाताऱ्याच्या तोंडी पंधरा वाक्यं लागतील, प्रत्येक दोन ओळींत बसणारं. ती काकांकडून तपासून घ्यायची आहेत, विसर्जनानंतर.